पुस्तकाला जामीन राहणे

बँकेतल्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत माणसाच्या स्वभावाबद्दल मी एकच गोष्ट शिकलो आहे. माणूस कर्ज घेताना थोडा तरी विचार करतो. जामीन राहताना मुळीच करीत नाही. समोर फॉर्म असतो, शेजारी साडू असतो आणि साडूने आदल्या रात्री जेवायला बोलावलेले असते. हा गृहस्थ "सही कुठे करायची तेवढं दाखवा" म्हणतो, एक अक्षर न वाचता पाच ठिकाणी सही ठोकतो आणि "झालं ना? मग निघतो, मुलीला क्लासला सोडायचंय" म्हणून मोकळा होतो. तीन वर्षांनी साडूचे हप्ते थकतात आणि आमचे पत्र याच्या घरी जाते. मग तो तणतणत काउंटरवर येतो. "अहो, मी नुसती सही केली होती! पैसे काय मी खाल्ले?" अशा वेळी मी त्याला भारतीय करार कायदा, 1872, कलम 128 ऐकवतो. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. हे कलम मला तोंडपाठ आहे, कारण बी. कॉम.ला मी ते ऑप्शनला टाकले होते आणि नेमके तेच दहा मार्कांना आले होते.

पुस्तकांची शिफारस करणाऱ्यांना हे कलम लागू करावे, अशी माझी सरकारकडे मागणी आहे.

मी विनोद करीत नाही. (विनोदी लेखकाला हे वाक्य दर लेखात एकदा लिहावेच लागते.) सध्या वाचणारा एक आणि सुचवणारे दहा, असा मामला झाला आहे. डिसेंबर उजाडला की पुरवण्यांतून 'या वर्षी वाचलीच पाहिजेत अशी पंचवीस पुस्तके' येतात. 'वाचावीत अशी' म्हटले तर कुणाची हरकत नाही. पण 'वाचलीच पाहिजेत'! इतक्या हुकमी आवाजात आमचे रिजनल ऑफिससुद्धा डिपॉझिटचे टार्गेट कळवीत नाही. मी कॉमर्सचा माणूस, ताबडतोब पेन्सिल घेऊन बसलो. पंचवीस पुस्तके, सरासरी तीनशे पाने, एकूण साडेसात हजार. डोंबिवलीहून जाता-येता गाडीत एका पायावर उभ्याने दिवसाला वीस पाने होतात. म्हणजे तीनशे पंचाहत्तर दिवस. रविवार, सणवार आणि मेगाब्लॉक न धरतासुद्धा वर्ष संपले तरी दहा दिवसांचे वाचन थकबाकीत!

बरे, यादी करणाऱ्याचे काय? त्याने पंचवीस निवडली म्हणजे नावडलेली निदान पन्नास तरी वाचली असणार, नाहीतर निवड कसली? म्हणजे वर्षाला पंचाहत्तर. दिवसाला साठावर पाने, रोज, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, मुलांचे अभ्यास घेऊन आणि गॅसचा नंबर लावून. असा माणूस मला एकदा भेटवा. मी त्याला स्टेशनवर हार घालीन. तोपर्यंत माझा संशय कायम राहील, की या याद्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवरून केलेल्या असतात. मलपृष्ठावर हमखास लिहिलेले असते, 'हातातून खाली ठेववत नाही'. मलाही ठेववत नाही. सकाळच्या गाडीत ठेवायला जागा कुठे असते?

आपण लोक दोन प्रकारची पुस्तके बाळगतो. एक वाचायची आणि एक सुचवायची. माझे वडील आम्हा भावंडांना उठता-बसता दासबोधाची शिफारस करीत. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत दासबोध निघाला, कोरा करकरीत, आणि त्याच्याखाली बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची चळत निघाली, पाने अक्षरशः पिंजलेली. अर्नाळकरांनी अशा हजारावर कथा लिहिल्या. वडिलांनी त्यांतला झुंजार आणि काळा पहाड बहुधा एकही सोडला नसावा. पण "बाळ, हे वाच, मजा येते" असे ते एकदाही म्हणाले नाहीत. एवढे एक वाक्य ते म्हणाले असते, तर आमची वाचनाची गाडी पाच वर्षे आधी सुटली असती.

तर मुद्द्याचे बोलू. सगळ्यांत उर्मट शिफारस असते ती धंद्याच्या आणि पैशाच्या पुस्तकांची. कादंबरी सुचवणारा निदान 'तुला आवडेल' म्हणतो. हा म्हणतो, 'तुला गरज आहे'. आमच्या धाकट्या मेहुण्याने मला रॉबर्ट कियोसाकींचे 'रिच डॅड पुअर डॅड' असेच सुचवले. 1997 सालचे पुस्तक, पण त्याला ते नुकतेच सापडल्यामुळे ते नवेच होते. "भावोजी, राहतं घर ही मालमत्ता नसतेच मुळी, ते देणं असतं," हे वाक्य त्याने माझ्या राहत्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून, बहिणीने केलेली साबुदाण्याची खिचडी खाताखाता मला सुनावले. मी म्हटले, "अरे, ताळेबंदात घर उजवीकडे येतं आणि घराचं कर्ज डावीकडे. घर म्हणजे कर्ज नव्हे." तो दयार्द्र नजरेने म्हणाला, "हाच तर पुअर डॅडचा प्रॉब्लेम." मी पुस्तक आणून वाचले. घर खिशातून पैसे काढते, खिशात घालीत नाही, म्हणून लेखक तसे म्हणतो. वाद घालण्याजोगा का होईना, पण विचार आहे. मेहुण्याशी वाद घालायला गेलो, तेव्हा कळले की त्याने पुस्तकाचा सात मिनिटांचा व्हिडिओ पाहिला होता.

2010 साली आम्हाला ट्रेनिंगला पाठवले होते. तिथे एका सरांनी जिम कॉलिन्स यांच्या 'गुड टू ग्रेट'ची अशी काही थोरवी गायली की वर्गातल्या निम्म्या लोकांनी संध्याकाळी ते विकत घेतले. 2001 साली निघालेल्या या पुस्तकात चांगल्याच्या थोर झालेल्या अकरा अमेरिकन कंपन्या आहेत. मी रात्री जागून वाचले. त्या अकरांत सर्किट सिटी होती. तिने 2008 साली दिवाळे काढले होते. फॅनी मेसुद्धा होती. ती त्याच वर्षी सरकारला ताब्यात घ्यावी लागली होती. सकाळी मी भीतभीत हात वर केला. "सर, अकरांतली दोन खाती बुडीत गेलीत." सर हसले आणि म्हणाले, "मुद्दा कंपनीचा नाही, तत्त्वाचा आहे." चहाच्या सुट्टीत उलगडा झाला. सरांकडे पुस्तक नव्हतेच, त्याच्या सोळा स्लाइडी होत्या.

आता यात कॉलिन्स यांना मी फार दोष देत नाही. 2009 साली त्यांनी 'हाऊ द मायटी फॉल' लिहून मोठ्या कंपन्या पडतात कशा, याचा शोध घेतला. म्हणजे लेखक आपला हिशेब तपासायला पुन्हा बसला. शिफारस करणारा बसला का? तो पुढच्या बॅचला त्याच सोळा स्लाइडी दाखवत होता. मूळ ऋणको हप्ते भरतो आहे आणि जामीनदार फरार, असा उलटा प्रकार मी बँकेत कधी पाहिलेला नाही.

नुसती तक्रार करून सुटणार नाही. या प्रकारातले एक पुस्तक मी स्वतः जामीन राहून सुचवतो. मॉर्गन हाउसेल यांचे 'द सायकॉलॉजी ऑफ मनी', 2020 सालचे. सुरुवातीलाच रोनाल्ड रीड नावाच्या गृहस्थाची हकीकत आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात हा माणूस पंचवीस वर्षे पेट्रोल पंपावर गाड्या दुरुस्त करीत होता आणि पुढे सतरा वर्षे एका दुकानात झाडूपोछा. 2014 साली ब्याण्णवाव्या वर्षी वारला, तेव्हा त्याच्यापाशी ऐंशी लाख डॉलरांवर शिल्लक निघाली. लॉटरी नाही, वारसा नाही. पगारातून उरेल ते चांगल्या शेअरांत घालायचे आणि विसरून जायचे. त्यातला मोठा हिस्सा तो गावच्या इस्पितळाला आणि ग्रंथालयाला ठेवून गेला. ग्रंथालयाला पैसे ठेवले, 'वाचलीच पाहिजेत' अशी यादी ठेवली नाही, याबद्दल माझा त्याला वेगळा नमस्कार.

पण जामीनदार म्हणून हेही सांगितले पाहिजे, की पंचवीस तारखेला ज्याच्या पासबुकात दोन आकडी शिल्लक असते, त्याला हे पुस्तक देऊ नये. चक्रवाढीला आधी मुद्दल लागते. आमच्या काउंटरवर पेन्शनचे पैसे एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने नातवाची फी भरणाऱ्या आजी येतात. त्यांना धीर धरण्याचे फायदे सांगणाऱ्याच्या हातात मी तेच पासबुक देईन.

आत्मचरित्रांची गंमत वेगळी. आमच्या शाखेत 2023 साली प्रिन्स हॅरी यांच्या 'स्पेअर'ची साथ आली होती. "राजपुत्र असून किती मोकळेपणानं लिहितो!" असे आमच्या लोन डिपार्टमेंटच्या बाई सांगत होत्या. मी चौकशी केली. लिहिणारे गृहस्थ जे. आर. मोहरिंगर. आंद्रे अगासींचे 2009 सालचे 'ओपन'सुद्धा त्यांच्याच हातचे. या मोहरिंगर यांचे स्वतःचेही एक आत्मचरित्र आहे आणि ते मात्र त्यांनी स्वतःच्याच नावावर छापले. धंदा प्रामाणिक आहे, मला मान्य आहे. लग्नाचे फोटो नवरदेवाने स्वतः काढावेत असे कुणी म्हणत नाही. पण चेकवर खातेदाराचे नाव आणि अक्षर दुसऱ्याचे, असा कागद आला तर वीस वर्षांची सवय मला गप्प बसू देत नाही. 'सही जुळत नाही' असा शेरा मारून मी परत करतो. बाईंना तसे म्हणालो. त्या दिवसापासून त्या मला त्यांच्या डब्यातली लसणाची चटणी देत नाहीत.

त्यापेक्षा 2025 साली आलेले अरुंधती रॉय यांचे 'मदर मेरी कम्स टू मी' घ्या. आई मेरी रॉय. कोट्टायमला शाळा काढणाऱ्या, आणि सुप्रीम कोर्टात जाऊन 1986 साली केरळातल्या सिरियन ख्रिश्चन मुलींना बापाच्या इस्टेटीत हक्क मिळवून देणाऱ्या. तोवर तिथे 1916 सालचा त्रावणकोरचा कायदा चालत होता. मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाच्या हिश्शाच्या चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते. 'जे कमी असेल ते'! हे शब्द वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटे खिडकीबाहेर पाहत बसलो. वारसाचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. भावाच्या मोटारीतून आलेली बहीण "माझी काही हरकत नाही हो" म्हणून पट्कन सही करते आणि रुमाल शोधते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की मोजदाद सोडून दिली. इथे कायद्याने ती बरोबरीची आहे. तरी आमच्याकडे जे कमी असेल तेच चालते.

लेखिकेने या पुस्तकात आईची पूजा बांधलेली नाही आणि तिच्यावर खटलाही भरलेला नाही. आई चांगलीच कडक, मुलांना भाजून काढणारी. म्हणून शेरा: आई म्हणजे फक्त मायेचा सागर असतो, एवढेच ज्याला वाचायचे आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

मी शिफारशीचा एक छापील नमुनाच तयार केला आहे. मी, खाली सही करणार, लिहून देतो की सदर पुस्तक मी पान अमुकपासून पान तमुकपर्यंत वाचले आहे (चाळले असल्यास तसे स्पष्ट लिहावे). पुस्तक विकत घेतले, मागून आणले की लेखकाने भेट दिले? लेखक नात्यात आहे काय? असल्यास पैसे देणे-घेणे आहे काय? आणि शेवटचा रकाना, जो रिकामा सोडल्यास फॉर्म रद्द होईल: हे पुस्तक कुणाला देऊ नये? हा शेवटचा रकाना मला कसा सुचला, त्यामागे एक प्रकरण आहे. त्यात आरोपी मी आहे.

आमचे जुने हेडकॅशियर अण्णा. मी नोकरीला लागलो तेव्हा नोटा मोजायला त्यांनीच शिकवले. मशिनने मोजलेल्या नोटा पुन्हा हाताने मोजणारा शेवटचा माणूस. निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन रामेश्वरला जायचे ठरवून बसले होते. काकूंना अर्धांगाचा झटका आला. गेले आठ-नऊ महिने त्या अंथरुणावर आहेत. डोळे उघडे असतात, पण कुणाला ओळखतात की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी महिन्यातून एकदा जातो. एकदा अण्णा म्हणाले, "काहीतरी हलकंफुलकं दे रे वाचायला. रात्री हिच्याजवळ बसतो. पेपर संपतो, रात्र संपत नाही."

त्याच रविवारी एका पुरवणीत यादी आली होती आणि तीत रिचर्ड ओस्मान यांचे 'द थर्सडे मर्डर क्लब' होते. 2020 सालची कादंबरी, 2025 साली तिचा सिनेमाही आला. इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी' रहस्यकथा म्हणतात, म्हणजे उबदार. खून उबदार कसा असतो हे मला आधी कळेना. पण त्यात म्हणे रक्त पडद्यामागे सांडते, पडद्यापुढे चहा आणि केक, आणि शोध लावणारे पोलीस नसून शेजारपाजारचे रिकामे लोक. इथे तर इंग्लंडातल्या केंट परगण्यातली वृद्धांची वसाहत आणि दर गुरुवारी जुन्या खुनांचा छडा लावायला जमणारे चार म्हातारे. त्यांत एक जुना कामगार पुढारीसुद्धा! यादीवाल्याने लिहिले होते, 'निखळ, हसरे, डोक्याला ताप नाही'. मला वाटले, अण्णांसाठीच लिहिले आहे. दुकानातून घेतले, पहिली चार पाने गाडीत वाचली, गालात हसलो आणि नेऊन दिले. "अण्णा, एकदम फर्स्ट क्लास. वाचाच!"

आठ दिवसांनी अण्णांचा फोन आला. "पुस्तक घेऊन जा." गेलो. वर्तमानपत्रात व्यवस्थित गुंडाळून ठेवलेले होते. अण्णांनी चष्मा काढला आणि विचारले, "तू वाचलंयस का हे?"

"हो... म्हणजे चाळलंय."

"किती?"

या माणसाने माझे कॅश बुक सहा वर्षे तपासले होते. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. "चार पानं."

अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोटांच्या पॅकेटवर आपण कागदी पट्टी लावायचो. पट्टीवर सही कुणी करायची?"

"ज्यानं मोजल्या त्यानं."

"हं," एवढेच म्हणाले आणि काकूंची कूस बदलायला आत गेले.

त्या रात्री मी पुस्तक वाचायला घेतले आणि पहाटे संपवले. खुनाचा उलगडा सांगत नाही. पण त्या वसाहतीतल्या शुश्रूषागृहात पेनी नावाची एक बाई बेशुद्ध पडून आहे. एके काळची पोलीस अधिकारी, क्लबही तिनेच मैत्रिणीबरोबर सुरू केलेला. उशाशी तिचा नवरा बसून असतो, रोज. आणखी एका बाईच्या नवऱ्याची आठवण हळूहळू पुसत चालली आहे. पुस्तक विनोदी आहे, खरोखर आहे. मी तीन-चार वेळा मोठ्याने हसलो आणि हिने झोपेत कूस बदलली. पण त्या उशाशी बसलेल्या नवऱ्याची पाने आली की मला अण्णांची खुर्ची दिसत होती. काकूंच्या पलंगाशेजारची, हात घासून घासून गुळगुळीत झालेली. यादीवाल्याला हे दिसले नव्हते, कारण त्याने बहुधा वाचलेच नव्हते. आणि वाचले असले, तरी त्याने ते अण्णांना दिलेले नव्हते. मी दिले होते.

पंधरा दिवस मी तिकडे फिरकलो नाही. शेवटी हिने ढकलले म्हणून गेलो. दारातच म्हटले, "अण्णा, चुकलो. पूर्ण वाचलं आता."

"बस. चहा टाकतो," अण्णा म्हणाले. चहा घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले. "हलकंफुलकं नाहीये ते. आठवडाभर मला झोप नव्हती. पण खोटं नाहीये. ती मैत्रीण येऊन बेशुद्ध बाईला केसची सगळी हकीकत सांगत बसते ना? ऐकू जातंय की नाही ठाऊक नसताना? मला इथं सगळे म्हणायचे, कशाला बोलता, कळत नाही त्यांना. मी बंद केलं होतं." त्यांनी कप खाली ठेवला. "आता रोज सांगतो हिला. भाजी काय भावानं मिळाली, खालच्यांच्या मुलीचं कुठं जमलं, बँकेचे व्याजदर. व्याजदर सांगितले की डोळे मिटते."

"पूर्वीही मिटायच्या," मी बोलून गेलो. अण्णा हसले. खूप दिवसांनी.

"त्याचा दुसरा भाग निघालाय म्हणे?"

"2021 सालीच. 'द मॅन हू डाइड ट्वाइस'. उद्याच आणून देतो."

"उद्या नको. आधी तू वाच. सगळं. आणि मग पहिल्या पानावर सही कर, तारीख घालून."

पुस्तक आणले आहे. गाडीत वाचतो. सध्या एकशे बाराव्या पानावर आहे. सही अजून केलेली नाही.